निकाल बदलला तर सुनेने उभं राहायचं नाही का?

प्रश्न : आमच्या पंचायत समितीची मुदत २०२२ला संपली, पुढे वर्षानुवर्षे प्रशासकच. पाणंद रस्त्यासाठी कुणाला धरायचं? सुनेला ओबीसी जागेवरून उभं राहायचंय; आता त्या जागा कोर्टात गेल्या तर तिचं काय?
– एक वाचक, सेलू (परभणी)

उत्तर : मावशी, सुनेची तयारी थांबवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ मार्च २०२१च्या निकालाने ओबीसी आरक्षण कायमचं काढलं नाही. ओबीसींच्या मागासलेपणाची आयोगाने गोळा केलेली आकडेवारी हवी आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत हवं, हा त्यातला मुद्दा. गण (पंचायत समितीचा मतदारसंघ) खुला झाला तरी ती लढू शकते.

मला चीड येते ती लांबलेल्या निवडणुकांची. संविधान पंचायतीला पाचच वर्षं देतं. शेवटी मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच चार महिन्यांत निवडणुका घ्या, असं सांगावं लागलं.

सुनेचं नाव अजून माहेरच्या मतदार यादीत असेल, तर आजच नमुना ८ (यादीतला पत्ता बदलण्याचा अर्ज) भरा.