वर्षभर थांबतोयस? मग एवढं ऐक

बाबांच्या आजारपणासाठी वर्षभर कॉलेज थांबवतोयस, त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. मीही एस.वाय.ला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, थांबले होते. फक्त घाईत एल.सी., म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, काढू नकोस! मी काढली, आणि परतताना नव्याने प्रवेशाच्या रांगेत उभी राहिले. त्याऐवजी प्राचार्यांच्या नावे कारणासह अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घे. माझ्या त्या कागदाची घडी फाटली, तरी तो जपलाय.

तुझा प्रवेश नव्या शैक्षणिक धोरणाखालचा असेल तर सोय बरी आहे. पहिल्या वर्षाची ४० क्रेडिट (अभ्यास पुरा केल्याचे श्रेयांक) आणि उन्हाळ्यातला ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स झाला की प्रमाणपत्र मिळतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या आराखड्यानुसार ३ वर्षांत परत येता येतं, पदवी मात्र एकूण ७ वर्षांत पुरी करायची. तुझ्या विद्यापीठाचं परिपत्रक वाचच. क्रेडिट अकॅडमिक बँकेत, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जमा दिसतात का, हे डिजिलॉकरमध्ये आजच बघ. नंतर दुरुस्तीला फार खेटे पडतात रे.

केटी, म्हणजे एखादा नापास विषय, राहिली असेल तर तिचा फॉर्म या वर्षातच भर. स्कॉलरशिपचं काय होईल, हे कॉलेजात आधी विचारून घे. आणि दवाखान्याची कागदपत्रं एका फाइलीत ठेव, वर्ष का थांबलास हे सांगणाऱ्या गॅपच्या प्रतिज्ञापत्राला लागतील.