नाईन एमएमसाठी प्रेस घेऊ नकोस

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रविवारी पोचला, सोबत झाडलेली काडतुसं घरी पुन्हा भरायच्या त्या निळ्या प्रेसचा फोटोही. चार स्टेशनं, दर हँडलला एक तयार काडतूस. "काका, फॅक्टरीच्या गोळ्या परवडत नाहीत, घेऊ का?" ऑर्डर द्यायच्या आधी विचारलंस हे बरं केलंस. माझ्या तळघरात तीन प्रेस आहेत. त्यातल्या एकीवर गेली चार वर्षं मी फक्त टोपी टांगतो.

नको घेऊस. निदान आत्ता नको, आणि तुझ्या पिस्तुलाच्या नाईन एमएम काडतुसांसाठी तर नकोच.

आधी हिशेब करू, कारण तुझा प्रश्न पैशाचा आहे. काडतुसात चार वस्तू असतात: पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आतली दारू आणि नळीतून सुटणारी बुलेट. फायर केल्यावर हाती उरते ती फक्त पितळेची पुंगळी. ती तू उचलून आणलीस तर फुकट, बाकी तीन दर वेळी विकत. मागच्या महिन्यात आमच्या गावच्या दुकानात प्रायमर सात सेंटला एक पडत होता आणि साधी कोटेड बुलेट नऊ सेंटला. दारूचा एक पौंडाचा डबा चाळीस डॉलर. पौंडात ७००० ग्रेन असतात आणि नाईन एमएमला साधारण चार-साडेचार ग्रेन लागते, म्हणजे डब्यात दीड हजारांवर काडतुसं. दारूचा खर्च अडीच सेंट धर. एकूण साडेअठरा. त्याच दुकानात फॅक्टरीचं काडतूस चोवीस सेंटला होतं. हजारामागे पंचावन्न डॉलर वाचले.

आता ती प्रेस, तिचे डाय म्हणजे साचे, तराजू, मापायचा कॅलिपर, पुंगळ्या घासायचा टंबलर, हे सगळं धरून नऊशे-हजार डॉलर लागतील. महिन्याला तू दोनशे झाडतेस, वर्षाला चोवीसशे. म्हणजे वर्षाची बचत एकशे तीस-बत्तीस डॉलर. भांडवल वसूल व्हायला सात वर्षं. दारू आणि प्रायमर घरपोच मागवलेस तर धोकादायक मालाची, म्हणजे हॅझमॅटची फी वेगळी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

तासांचा हिशेब यात मी धरलेला नाही. विकणारा सांगतो, तासाला चारशे-पाचशे. हँडल मारण्यापुरतं ते खरंही आहे. पण पुंगळ्या निवडणं, घासणं, प्रायमरच्या नळ्या भरणं, मधेच काहीतरी अडकणं धरून माझे तासाला अडीचशेच होतात. आणि हे तीस वर्षांच्या हाताने.

शिवाय बचत म्हणून बाजूला पडलेले पैसे कुणाच्याही खिशात राहिलेले मी पाहिले नाहीत. काडतूस स्वस्त पडलं की दोनशेच्या जागी साडेतीनशे उडतात. त्यात वाईट काही नाही, पण मग त्याला बचत म्हणू नये.

मग मी का करतो? कारण मी नाईन एमएम भरत नाही. माझं आहे रिव्हॉल्व्हरचं थर्टी-एट स्पेशल आणि पिस्तुलाचं फोर्टी-फाइव्ह. थर्टी-एटची टार्गेटची, सपाट तोंडाच्या बुलेटची वॉडकटर काडतुसं दुकानात पंचेचाळीस-पन्नास सेंटच्या खाली मिळत नाहीत, आणि मिळतीलच असंही नाही. मी ती तेवीसमध्ये भरतो. फोर्टी-फोर मॅग्नमवाल्यांचा फरक तर याहून मोठा. जे काडतूस लाखोंनी खपतं ते कारखाना तुझ्यापेक्षा स्वस्त बनवणारच. जे कमी खपतं तिथे घरच्या प्रेसला अर्थ आहे. थर्टी-एटचा दाबही कमी, कमाल मर्यादा १७००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), नाईन एमएमच्या ३५००० च्या निम्मी. त्यामुळे एक पुंगळी पुन्हापुन्हा भरता येते. माझ्याकडच्या काही पुंगळ्यांवरचा शिक्का आता वाचतासुद्धा येत नाही.

पैशापलीकडचं कारण मला कॅम्प पेरीला उमगलं. इथून चाळीस मैलांवर, ईरी सरोवराच्या काठी, १९०७ पासून तिथे नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. पहिल्या वर्षी मी फोर्टी-फाइव्हमध्ये फॅक्टरीची २३० ग्रेनच्या बुलेटची काडतुसं घालून गेलो. शेजारच्या म्हाताऱ्याचं पिस्तूल जेमतेम डुलत होतं, माझं दर वेळी कपाळाकडे येत होतं. तो १८५ ग्रेनची हलकी बुलेट बेतशीर दारूवर मारत होता, पिस्तुलातली स्प्रिंगही त्याला जुळेल अशी हलकी. पन्नास यार्डांवरून एका हाताने मारायचं म्हटल्यावर हा फरक डोळ्यांना दिसतो. शिंप्याकडून अंगाचं माप देऊन शिवून घ्यावं तसं ते काडतूस त्याच्या पिस्तुलासाठी शिवलेलं होतं. तसं दुकानात मिळत नाही.

तुझ्या यूएसपीएसएच्या, म्हणजे त्या अमेरिकन पिस्तूल-स्पर्धा संघटनेच्या खेळातही हेच आहे. पॉवर फॅक्टर म्हणजे काडतुसाच्या जोराचं माप: बुलेटचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रतिसेकंदात, भागिले हजार. मायनर या खालच्या गटाला निदान १२५ लागतात. तुझी ११५ ग्रेनची फॅक्टरी गोळी ११५० च्या वेगाने गेली तर १३२ होतात. कुणी १४७ ग्रेनची जड बुलेट ८७० ने सोडली तर १२७.९. नियमात बसते आणि हाताला मऊ लागते. पण मॅचमध्ये क्रोनोग्राफवर, म्हणजे वेगमापकावर, १२५ च्या खाली गेलीस तर दिवसभराचे गुण धरलेच जात नाहीत, म्हणून थोडी जागा ठेवावी लागते.

हे सगळं खरं असलं तरी स्पष्टच सांगतो, तू अजून सगळ्यांत खालच्या डी क्लासमध्ये आहेस. तुझे गुण धक्क्यामुळे जात नाहीत, ट्रिगर झटकल्यामुळे जातात. मे महिन्यात तुझ्या टार्गेटवर सगळी भोकं डावीकडे खाली होती. १४७ ग्रेनची बुलेट घातलीस तर तीच भोकं मऊपणे डावीकडे खाली पडतील. रिकाम्या पिस्तुलावर रोज दहा मिनिटं भिंतीसमोर सराव कर. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून. त्याला प्रायमरही लागत नाही.

आता जे मला मुख्यतः सांगायचं आहे ते. या कामाला अक्कल फार लागत नाही, लक्ष लागतं, आणि तेही पाचशे वेळा सारखंच. ग्रेन म्हणजे किती? आपल्याकडे सोनार तराजूत ज्या गुंजा टाकायचे, त्यातल्या दोन गुंजा म्हणजे जवळपास चार ग्रेन. एवढ्याशा दारूत अर्ध्या ग्रेनची चूकही मोठी असते. थर्टी-एट स्पेशल १८९८ चं. पुंगळीची लांबी काळ्या दारूच्या जमान्यातली, आणि आजची धूररहित दारू तिच्या तळाशी चिमूटभर बसते. चुकून दोनदा पडली तरी पुंगळी ओसंडत नाही, वरून बुलेट अगदी व्यवस्थित बसते. ते काडतूस दिसायला इतरांसारखंच. फुटतो तो रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर.

माझं उलटं झालं होतं. एका शनिवारी काडतुसं भरत असताना पुण्याहून बहिणीचा फोन आला. बोलता बोलता हात चालू राहिला. पुढच्या आठवड्यात रेंजवर एक बार नुसताच "फुस्स" झाला. दारूच नव्हती, एकट्या प्रायमरने बुलेट नळीत ढकलून तिथेच अडकवली होती. रॅपिड फायर चालू होतं, माझं बोट पुढच्या बाराला निघालेलं. शेजारच्या लेनमधून रेंज ऑफिसर ओरडला म्हणून थांबलो. अडकलेल्या बुलेटवर दुसरी गेली असती तर नळी गेलीच होती, बोटांचं देव जाणे. घरी येऊन त्या दिवसाची उरलेली सगळी काडतुसं बुलेट उपसायच्या खास हातोड्याने उकलली. दीडशेच्या आसपास होती. त्यात आणखी एक रिकामी निघाली. तेव्हापासून पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करतो, दारू घातली की दिव्याखाली प्रत्येकीत डोकावतो, मगच बुलेट. वेळ जातो. जाऊ दे.

म्हणून तुला माझा प्रश्न असा: दोन तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवून एकच काम करायला तुला आवडतं का? सहन होतं का, असं विचारत नाही, आवडतं का? दिवाळीत चकल्या पाडताना तू सोऱ्या पहिल्या घाण्यानंतर नवऱ्याच्या हातात दिलास असं काकू सांगत होती.

घरचीही अडचण आहेच. दोन खोल्यांचं अपार्टमेंट आणि छकुली रांगते आहे. बहुतेक प्रायमरच्या मिश्रणात शिसं असतं, आणि वापरलेल्या पुंगळ्या टंबलरमध्ये कोरड्या घासल्या की ती धूळ उडते. कार्पेटवर बसली की कुठल्याही झाडूने निघत नाही. मी तळघरात ओलं घासतो, वेगळा शर्ट घालतो, आणि वर येण्याआधी गार पाण्याने साबण लावून हात धुतो. तुझ्याकडे त्यासाठी जागा नाही. दारू आणि प्रायमर घरात ठेवायलाही मर्यादा आहेत. एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या संहितेप्रमाणे साध्या साठवणीत वीस पौंड दारू आणि दहा हजार प्रायमर, तेही मूळ डब्यांत. तुझ्या भाडेकराराने काय म्हटलं आहे ते वेगळंच.

कायद्याचं दोन शब्दांत. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला इथे अमेरिकेत केंद्राचा परवाना लागत नाही. मित्राला पैसे घेऊन भरून देणं हा मात्र धंदा झाला, त्याला लायसन्स लागतं. तुझं ग्रीन कार्ड झालं म्हणून तुझा प्रश्न मिटला, पण तुझा भाऊ ऑगस्टमध्ये एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येतोय ना? त्याला हौसेने रेंजवर नेऊ नकोस. अशा तात्पुरत्या (नॉनइमिग्रंट) व्हिसावरच्या माणसाला शस्त्रच नाही, काडतूस जवळ बाळगायलाही केंद्रीय कायद्याने बंदी आहे. शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत, ते वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नयेत. एका फोटोपायी पोराचा व्हिसा धोक्यात येईल.

आणि डिसेंबरमध्ये पुण्याला जाताना रेंजची बॅग नेऊ नकोस. धुऊनसुद्धा नाही. शिवणीत राहिलेलं एक काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडलं की आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो, आणि "अमेरिकेत राहते, विसरले" याने तो तिथल्या तिथे पुसला जात नाही. मी खडकीत वाढलो. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, अर्धी आळी तिथे कामाला. त्या घरांतून पुंगळीचा तुकडासुद्धा बाहेर दिसायचा नाही. तिकडे विनापरवाना काडतूस भरणं ही हौस नाही, गुन्हा आहे.

तू २०२१ च्या काडतूस-टंचाईची आठवण काढलीस. तेव्हा दुकानांतली शेल्फंच्या शेल्फं रिकामी होती आणि रीलोड करणारे मजेत होते, असं तुला कुणीतरी सांगितलं. अर्धं खरं आहे. ज्यांच्याकडे आधीपासून प्रायमर होते ते मजेत होते. २०१९ मध्ये हजाराचा डबा मला तीस-पस्तीस डॉलरला मिळायचा, दोन वर्षांनी लोक त्याच डब्याचे दीडशे-दोनशे मागत होते. बुलेट शिशाच्या ओतता येतात, पुंगळ्या वेचता येतात, प्रायमर घरी होत नाही आणि करायचाही नाही. चांगल्या दिवसांत थोडा साठा करून ठेवला तरच प्रेसचा उपयोग. फॅक्टरीची काडतुसंही तशीच साठवता येतात, विसरू नकोस.

तर वर्षभर फॅक्टरीचीच काडतुसं झाड. हजाराची पेटी घेतलीस तर स्वस्त पडतं. पुंगळ्या मात्र वेच, रेंजवाल्यांची परवानगी असेल तिथे. बऱ्याच इनडोअर रेंजवर जमिनीवर पडलेलं पितळ त्यांचं असतं. वर्षानंतर तुझ्याकडे थर्टी-एटचा रिव्हॉल्व्हर आला, किंवा तू बी क्लासला पोचलीस आणि काडतूस आपल्या मापाचं हवं असं तुला स्वतःला वाटलं, तर माझी ती टोपी टांगायची सिंगल स्टेज प्रेस घेऊन जा. फुकट. एका वेळी एकच काम करते, तासाला पन्नास-साठ, म्हणून शिकायला तीच बरी. निळी मग घे.

दरम्यान येत्या शनिवारी ये. कोलंबसहून सव्वादोन तास, दहापर्यंत पोच. माझ्या बाकावर माझ्याच पुंगळ्यांचे दोन ठोकळे भरू, शंभर काडतुसं. दारूचं वजन तू पुस्तकातून शोधायचंस, मी तोंडाने सांगणार नाही, आणि नेटवर कुणी लिहिलेलं चालणार नाही. फोन गाडीत. काकू थालीपीठं करणार आहे, पण हात धुतल्याशिवाय वर येऊ देणार नाही.

तुझा,
काका

ता. क. मागच्या वेळी दिलेल्या डब्यात नाईनच्या म्हणून आणलेल्या पुंगळ्यांत तशाच दिसणाऱ्या, पण आखूड थ्री-एटीच्या बऱ्याच होत्या आणि चार-पाच स्टीलच्या. स्टीलच्या लोहचुंबकाने निघतील, थ्री-एटीच्या तळाचा शिक्का वाचून काढाव्या लागतात. येताना निवडून आण. तेवढं करताना कंटाळा आला तर तेही सांग.