मॉर्किओ सिंड्रोम असलेल्या मुलीची उंची ग्रोथ हार्मोनने वाढेल का?

तुमच्या पाच वर्षांच्या मुलीवर मुडदूस समजून बराच काळ उपचार झाले, आता एन्झाइमच्या तपासणीनंतर मॉर्किओ सिंड्रोम प्रकार ‘ए’ (हाडांच्या वाढीचा एक आनुवंशिक विकार) असे निदान झाले आहे आणि ग्रोथ हार्मोन द्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. याच विकारासह वाढलेल्या आणि आता महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचा नागपूरकर बाप या नात्याने लिहितो आहे.

ग्रोथ हार्मोनचा उपयोग होणार नाही, कारण येथे उणीव त्या हार्मोनची नाही. जीएएलएनएस या जनुकातील दोषामुळे केराटन सल्फेटसारखे पदार्थ तोडणारे एक एन्झाइम नीट तयार होत नाही, त्यामुळे ते पदार्थ पेशींत साचत जातात आणि ज्या कूर्चेपासून हाडे वाढतात तीच बिघडते. म्हणूनच जन्मतः मूल इतरांसारखे दिसते आणि पहिल्या काही वर्षांत छाती पुढे येणे, गुडघे एकमेकांना लागणे, मनगटे सैल पडणे ही लक्षणे उमटू लागतात. गंभीर प्रकारात सात-आठ वर्षांनंतर उंची फारशी वाढत नाही आणि प्रौढपणी ती बहुधा १२० सेंटिमीटरच्या आत राहते. हे वाचणे जड जाईल. तरीही माझी कळकळीची विनंती आहे की उंचीची चिंता बाजूला ठेवून आधी मुलीच्या मानेकडे लक्ष द्या.

या विकारात मानेच्या दुसऱ्या मणक्याचा खुंटासारखा भाग अपुरा वाढलेला असतो आणि सांध्यांचे बंधही ढिले असतात, त्यामुळे वरचे दोन मणके एकमेकांवर सरकून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. मान पुढे व मागे वाकवलेल्या स्थितीतील एक्स-रे (तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच काढावा) आणि एमआरआय यांवरून धोका कळतो, आणि गरज असेल तर मणके जोडण्याची शस्त्रक्रिया वेळेत करता येते. कोलांट्या, उंचावरून उड्या आणि कुस्तीसारखे खेळ बंद करावेत. मानेला मालिश करणे किंवा ‘मान मोकळी करणे’ तर कोणाच्याही हातून नको, मग ती व्यक्ती घरातली वडीलधारी का असेना. पूर्वी गल्लीच्या टोकापर्यंत चालणारी मुलगी अर्ध्या वाटेत कडेवर घ्या म्हणू लागली, वारंवार पडू लागली, हातातली पकड सैल झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर तो आळस किंवा हट्ट समजू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

दुसरी सावधगिरी भूल देण्याची. मान अस्थिर आणि श्वासमार्ग अरुंद असल्याने दाताच्या छोट्या शस्त्रक्रियेची भूलही धोक्याची ठरू शकते, म्हणून निदान स्पष्ट लिहिलेला कागद नेहमी सोबत असावा आणि भूलतज्ज्ञांशी आधी सविस्तर बोलावे. डोळे, कान, हृदयाच्या झडपा आणि झोपेतील श्वास यांची तपासणी नियमित करावी. दातांवरचे आवरणही पातळ असते. बुद्धीवर मात्र या विकाराचा परिणाम होत नाही, हे शाळेला पहिल्याच दिवशी ठामपणे सांगा.

याच एन्झाइमची उणीव भरून काढणाऱ्या एलोसल्फेज अल्फा या औषधाला अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. ते दर आठवड्याला शिरेतून द्यावे लागते; त्याने चालण्याची क्षमता काही प्रमाणात सुधारते, पण वाकलेली हाडे सरळ होत नाहीत. किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणानुसार ठरावीक केंद्रांतून एका रुग्णासाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, आणि मुंबईचे केईएम रुग्णालय अशा केंद्रांपैकी एक आहे. तुमच्या मुलीला या मदतीचा लाभ मिळेल का, हे तेथेच कागदपत्रांसह विचारावे. आयुष्यभर घ्यायच्या औषधाला ही रक्कम अपुरी पडते, हे माझे स्पष्ट मत आहे. नेहमीच्या तपासण्यांसाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. नागपुरातील एम्स किंवा मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) अस्थिरोग आणि बालरोग विभागांत एकच फाइल चालू ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बुटकेपणाचा स्वतंत्र उल्लेख आहे, म्हणून यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) आताच अर्ज करा.

आपल्या शहरात जगातील सर्वांत कमी उंचीच्या महिला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्योती आमगे यांचे नाव घराघरांत ठाऊक असल्याने लोक तुमच्या मुलीची त्यांच्याशी तुलना करतील. हाडांच्या वाढीचे चारशेहून अधिक आनुवंशिक विकार आहेत. एकाच्या उंचीवरून दुसऱ्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधता येत नाही, एवढे त्यांना शांतपणे सांगावे.

दुसऱ्या अपत्याबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे. आई आणि वडील दोघेही या दोषाचे वाहक असतात, त्यांना स्वतःला त्रास नसतो, आणि प्रत्येक गर्भधारणेत बाळाला हा विकार होण्याची शक्यता २५ टक्के राहते. यात आईचा दोष, नजर किंवा ग्रहणात बाहेर पडणे यांचा काहीही संबंध नाही. गर्भजल किंवा वारेच्या नमुन्यावरून तपासणी करता येते, परंतु त्यासाठी मुलीचा आणि तुम्हा दोघांचा जनुकीय अहवाल आधीच हातात असावा लागतो. तो तयार होण्यास वेळ लागतो, म्हणून दिवस जाण्यापूर्वीच जनुकीय समुपदेशकांची भेट घ्या.