डेल्टॉइड टेकतो कुठे?

चि. सौ. वगैरे मायना राहू दे.

पत्र मिळालं, प्रिंटचा फोटोही. छापचित्रं करत राहायचं की वैद्यकीय चित्रांची ती नोकरी धरायची, हा तुझा घोळ. सांगतो, पण आधी तुझ्या प्रिंटमधला डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा तो स्नायू, बघू.

ॲक्वाटिंट, म्हणजे राळेचा दाणा आणि ॲसिड वापरून प्लेटवर आणलेली सावली, झकास. राळेचा (रोझिनचा) दाणा एकसारखा बसलाय, प्लेटही ॲसिडमधून वेळेवर काढलीस. पण स्नायू पार कोपरापर्यंत ओघळलाय! अगं, तो दंडाच्या हाडावर, बाहेरच्या अंगाला, साधारण मध्यावरच संपतो. तिथे खडबडीत उंचवटा असतो, बोट फिरवलं की लागतो. वरून निघतो तो गळपट्टीच्या हाडापासून आणि खांद्याच्या पात्यापासून. निघतो कुठून, टेकतो कुठे, हे कळल्याशिवाय सुई हातात धरायची नाही. सावली नंतर.

म्हणशील, काका, नोकरीचं बोला. तेच बोलतोय.

हेन्री व्हँडाइक कार्टर आठव. 'ग्रेज ॲनाटॉमी' या शरीररचनेच्या पुस्तकाची चित्रं त्याची. छापल्यावर सुलट यावीत म्हणून लाकडी ठोकळ्यावर उलटी काढलेली, आणि नावं थेट स्नायूवर, शिरेवर लिहिलेली. १८५८ साली पुस्तक निघालं, त्याच वर्षी हा मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला. लेखक ग्रेला रॉयल्टी, याला एकरकमी १५० पौंड. मला अजून चीड येते. पण त्याचा एकही स्नायू अधांतरी नाही. निघतो कुठून, टेकतो कुठे, बघून घे.

मी स्वतः २८ वर्षं एका मेडिकल कॉलेजात आर्टिस्ट होतो. पहिल्याच वर्षी पोटाची प्लेट उलटी काढायला विसरलो आणि यकृत डावीकडे गेलं. चाळीस प्रती छापून झाल्यावर फर्स्ट इयरच्या एका मुलीने विचारलं, "सर, हा सायटस इन्व्हर्ससचा पेशंट आहे का?" म्हणजे आतले अवयव आरशातल्यासारखे उलट्या बाजूला असलेला. त्या रात्री जेवलो नाही.

लोक म्हणतात, कला सोडून सरकारी खुर्ची धरली. धरली! आई अंथरुणाला खिळलेली, प्रेस घ्यायला पैसे कुठले? मात्र मधली बारा वर्षं मी एकही प्लेट केली नाही, त्याचं खापर नोकरीवर फोडणार नाही. साडेपाचला सुटत होतो. घरी जाऊन पेपर वाचत होतो.

तेव्हा नोकरी घे किंवा नको घेऊस, मला त्यात फारसा रस नाही. आठवड्यातली कुठली संध्याकाळ प्लेटची, ते आधी ठरव. ठरलं नाही, तर तुझंही त्या डेल्टॉइडसारखंच होईल.

शनिवारी ये. फोटो नको, प्लेट आण. स्क्रेपर आणि बर्निशर माझ्याकडे आहेत, कोपरावरची सावली घासून निघेल. दंडाचं हाड माझ्याकडे एकच उरलंय, उजवं. बघून जसंच्या तसं प्लेटवर काढलंस तर छापल्यावर डावं होईल, तेवढा विचार घरूनच करून ये.