सोलापुरात आमचे कुटुंब दरवर्षी वीस-पंचवीस ठिकाणी थोडी थोडी देणगी देते. त्याऐवजी मोजक्या कामांना नियोजनपूर्वक देणे अधिक उपयुक्त आहे का?

होय, तीच वार्षिक रक्कम दोन-तीन कामांपुरती ठेवून सलग तीन-चार वर्षे दिल्यास तिचा उपयोग निश्चितच अधिक होतो, कारण पुढच्या वर्षी किती पैसे येणार हे आधी कळले तरच शिक्षकाचे मानधन किंवा एखाद्या मुलीच्या पदवीची तिन्ही वर्षे अशी जबाबदारी संस्थेला अंगावर घेता येते. मी येथील काही विश्वस्त संस्थांचे हिशेब लिहितो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत २५१ आणि ५०१ रुपयांच्या पावत्यांनी पुस्तके भरतात आणि जूनमध्ये, विडी कामगारांच्या मुलींचे प्रवेशशुल्क भरायच्या वेळी, खात्यात शिल्लक उरलेली नसते. देण्यापूर्वी संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षित ताळेबंद अवश्य मागावा. मात्र केवळ करसवलतीवर नजर ठेवून हे करू नये : नव्या करप्रणालीत अशा देणगीची वजावट मिळत नाही आणि जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांहून अधिक रोख देणगी वजावटीस पात्र नसते, म्हणून रक्कम धनादेशाने किंवा थेट बँक खात्यात भरावी.