गोष्ट चौकटीत अडकते तेव्हा

प्रश्न : पक्षाघातानंतर बाबांना वाचाघात झाला, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे भाषा अडखळू लागली. आपलं बोलणं त्यांना बऱ्यापैकी कळतं. स्पीच थेरपिस्टनी गोष्ट सांगण्यासाठी पाच चौकटींचा कागद दिलाय : कोण, कुठे, काय घडलं, काय केलं, शेवट. आम्ही त्यात चित्रं चिकटवली. बाबा ‘दार’, ‘किल्ली’ म्हणतात आणि थांबतात. गोष्ट पुढे सरकत नाही.

उत्तर : तुम्ही वस्तूंची चित्रं लावली, म्हणून वस्तूंची नावंच येतात. अडखळत बोलणाऱ्या वाचाघातात बहुधा नामांपेक्षा क्रियापदं जास्त अडतात, आणि गोष्ट तर क्रियापदांवरच चालते. तेव्हा किल्लीचं चित्र काढून टाका. माणूस बाहेर, दार बंद, किल्ली आत, असं घडतंय ते रेखाटा. काड्यांची माणसं चालतील. खाली एकच क्रियापद ठळक लिहा : ‘विसरलो’. सध्या तीनच चौकटी पुरेत : विसरलो, अडकलो, उघडलं.

चौकटी आडव्या ओळीत नकोत, एकाखाली एक घ्या. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की काहींना उजवीकडचं दिसत नाही. मग शेवटची चौकट नजरेतून निसटते आणि घरचे समजतात, शेवट आठवत नाही! उजवा हात लुळा असेल तर कागद टेबलाला चिकटवा.

आधी तुम्ही बोट ठेवत सांगा, मग दोघं मिळून, मग ते एकटे. अडले तर मनात दहापर्यंत मोजा. तरीही नाही आलं तर ‘कोण विसरलं?’ विचारा, मग दोन लिखित पर्याय दाखवा; शब्दाचा पहिला आवाज (‘वि…’) अगदी शेवटी सुचवा. ‘किल्ली… आत… बंद’ एवढं आलं तरी गोष्ट पोचली. तुम्ही पूर्ण वाक्य म्हणा आणि पुढे चला, त्यांच्याकडून घोकून घेऊ नका.

जमू लागलं की शब्द झाका, नंतर चित्रं. मग ही हकिकत ठाऊक नसलेल्या माणसाला सांगू द्या. ठाऊक असलेला ऐकणारा अर्धी गोष्ट स्वतःच भरून घेतो, त्यामुळे प्रगतीचा अंदाज चुकतो.

प्रश्न : माझ्या आईलाही वाचाघात झालाय. ती भराभर बोलते, पण अर्थ लागत नाही. हाच कागद चालेल?

उत्तर : चालेल, पण इथे चौकट बोलण्याला आवर घालण्यासाठी आहे. एका वेळी एकच उघडी ठेवा. या प्रकारात समजणंही कमी झालेलं असतं आणि आपली चूक बऱ्याचदा लक्षात येत नाही. म्हणून आधी न बोलता चित्रं क्रमाने लावायला द्या. क्रमच चुकत असेल तर सांगायला लावण्याची घाई नको. वाचलेलं कितपत कळतं, हे थेरपिस्टकडून तपासून घेतल्याशिवाय लिखित शब्दांवर भिस्त ठेवू नका.