कार्पेटवर सांडून वाळलेला रंग कसा काढावा?

तुमचा प्रश्न असा आहे: भिंती रंगवताना कार्पेटवर तीन-चार ठिकाणी रंग सांडला, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही आणि आता तो वाळून कडक झालाय. साबणाच्या पाण्याने घासून पाहिलं, उपयोग झाला नाही. तर त्यावर थिनर ओतावं का?

ओतू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आधी. कार्पेट आणि गालिचे साफ करणं हे माझं रोजचं काम आहे. डाग काढण्याच्या घाईत वाया गेलेली कार्पेट मला नेहमी बघावी लागतात आणि दर वेळी हळहळ वाटते, कारण वाळलेला रंग सहसा निघतो. वेळ खातो, पण निघतो.

थिनर का नको ते सांगते. यंत्रावर बनणाऱ्या बहुतेक कार्पेटमध्ये लव, म्हणजे वरचे उभे धागे, पायाच्या कापडात ओवलेली असते. ती सुटू नये म्हणून मागून लॅटेक्सचा, म्हणजे रबरासारख्या चिकट पदार्थाचा थर देतात आणि त्यावर आणखी एक कापड चिकटवतात. थिनर, टर्पेंटाइन, ॲसिटोन यांनी हा लॅटेक्स मऊ पडतो. एका घरी दाराजवळच्या तळहाताएवढ्या डागावर कुणीतरी थिनरची बाटली रिकामी केली होती. वरचा रंग पातळ होऊन आणखी पसरला होता, कार्पेट तिथे फुगून आलं होतं आणि बोटांनी हलकंसं ओढलं की लवेचे झुपके हातात येत होते. त्यावर इलाज एकच, तेवढा तुकडा बदलणं. म्हणून असं कोणतंही सॉल्व्हंट, म्हणजे रंग विरघळवणारा द्रव, वापरायचं तर ते कपड्यावर घ्यायचं आणि कपडा डागावर लावायचा. कार्पेटवर थेट काही ओतायचं नाही.

साबणाच्या पाण्याने का निघाला नाही, हेही समजून घ्या, म्हणजे पुढचं काम सोपं जाईल. कापड रंगवण्याचा रंग धाग्याच्या आत शिरतो. भिंतीच्या रंगात मात्र पिगमेंटचे, म्हणजे रंग देणाऱ्या भुकटीचे बारीक कण असतात आणि त्यांना बांधून ठेवणारं पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखं द्रव्य असतं. इमल्शनमधलं, म्हणजे पाण्यात मिसळायच्या रंगातलं पाणी उडून गेलं की पॉलिमरचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा पाण्यात पुन्हा विरघळत नाही. पण तो धाग्यांच्या वर बसलेला असतो, धाग्यांना चिकटलेला असतो, आत मुरलेला नसतो. त्यामुळे तो धुऊन काढायच्या मागे लागायचं नाही. मऊ करायचा, धाग्यापासून सोडवायचा आणि उचलून घ्यायचा. आपल्या सगळ्या खटपटीचा अर्थ एवढाच.

आता रंग कोणता ते ठरवा. डबा शिल्लक असेल तर त्यावर लिहिलेलं असतं. नसेल तर पांढऱ्या सुती कपड्याच्या कोपऱ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सर्जिकल स्पिरिट घ्या, डागाच्या कडेला दोन-तीन मिनिटं दाबून धरा आणि नखाने खरवडून बघा. रंग चिकट झाला आणि कपड्यावर उतरला तर तो पाण्यात मिसळायचा रंग, म्हणजे इमल्शन किंवा ॲक्रिलिक. काहीच झालं नाही, पृष्ठभाग तसाच टणक आणि चकचकीत राहिला, तर बहुधा ऑइलपेंट.

कार्पेटचा धागा कोणता, हे त्याहून महत्त्वाचं. मागे लेबल असेल तर उत्तम. नाहीतर पलंगाखालच्या किंवा कपाटामागच्या कोपऱ्यातून दोन-चार धागे कापून घ्या, चिमट्यात धरून बेसिनपाशी नेऊन जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरगळली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर नायलॉन, पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन. कागद जळल्यासारखा वास आला तर सुती, ज्यूट किंवा व्हिस्कोज. या शेवटच्या गटात, आणि रेशमी गालिच्यातही, मी घरच्या घरी ओला प्रयोग करू नका असंच सांगेन. व्हिस्कोज भिजलं की कमजोर होतं आणि त्याची लव कायमची मोडते. ज्यूट ओलं राहिलं की तपकिरी डाग वर येतात, आणि ते रंगाच्या डागापेक्षा वाईट दिसतात. हाताने विणलेला गालिचाही जाणकाराकडेच द्या.

तुमचा रंग इमल्शनचा आणि कार्पेट नायलॉनसारखं असेल असं धरून पुढे सांगते, कारण घरोघरी बहुतेक वेळा हीच जोडी असते.

पहिली पायरी पूर्ण कोरडी, आणि नेमकी हीच लोक टाळतात. कडक झालेली खपली दोन बोटांच्या नखांत किंवा बारीक तोंडाच्या पक्कडीत धरा आणि चुरडा. ओढायचं नाही, नुसतं चुरडायचं. पापुद्र्याला तडे जातात आणि धाग्यांच्या मधून पांढरा भुगा पडायला लागतो. बोथट सुरीच्या कडेने लवेच्या दिशेने हलके हलके खरवडा, अधूनमधून व्हॅक्यूम फिरवा. जाड थेंबांच्या बाबतीत बराचसा रंग इथेच निघून जातो आणि पाण्याचा थेंबही लागत नाही. तुमच्या कार्पेटची लव कापलेली नसून बारीक फासांची असेल तर मात्र फार जपा. एक फास ओढला गेला की पुढचे त्याच्या मागोमाग उसवत जातात.

मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब घालून त्यात कपडा बुडवा, घट्ट पिळा आणि उरलेल्या डागावर पाच-दहा मिनिटं ठेवून द्या. साबण आणि ऊब मिळून पापुद्रा जरा सैल होतो. तुम्ही आधी जे केलंत त्यात आणि यात फरक एवढाच की इथे घासायचं नाही. घासण्याने लव पिंजारते, पिंजारलेली लव पुन्हा बसत नाही आणि डाग गेला तरी ती जागा कायम वेगळी दिसत राहते. कपडा उचलला की लगेच सुरीने खरवडून सुटेल तेवढा रंग उचला आणि कोरड्या कपड्याने टिपून घ्या.

त्यानंतर अल्कोहोल. आधी लपलेल्या कोपऱ्यात चाचणी: अल्कोहोल लावलेला पांढरा कपडा दहा मिनिटं दाबून ठेवा, कार्पेटचा स्वतःचा रंग कपड्यावर उतरला तर थांबा. उतरला नाही तर 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कपड्यावर घेऊन डागावर दाबा. घरात जेलचा सॅनिटायझर असेल तर मी तोच आधी वापरून बघायला सांगते. त्यात अल्कोहोल असतंच, शिवाय जेल असल्यामुळे तो लगेच खाली लॅटेक्सपर्यंत झिरपत नाही, लवेवरच थांबतो आणि सावकाश काम करतो. मात्र बिनरंगाचा, बिनवासाचा घ्या. वाटाण्याएवढं जेल डागावर ठेवा आणि काही मिनिटांनी जुना टूथब्रश लवेच्या दिशेने फिरवा. नीट बघितलंत तर धाग्यावरचा रंग आधी रबरासारखा होतो, मग त्याच्या बारीक वळकट्या होऊन ब्रशच्या केसांना लागतात. त्या लगेच कपड्यावर पुसा, नाहीतर पुढच्या धाग्यांना चिकटतील. नेहमी डागाच्या कडेकडून मध्याकडे या. कपड्याची बाजू सतत बदलत राहा. एका वेळी रुपयाच्या नाण्याएवढीच जागा घ्या, ती संपली की पुढची.

तरीही रंग टिकून असेल तर वाफ. ओला कपडा डागावर ठेवून त्यावरून वाफेची इस्त्री धरता येते, पण कपडा ओलाच राहिला पाहिजे आणि इस्त्री टेकवून ठेवायची नाही. पॉलिप्रॉपिलिन 160 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि सुती कपड्यांसाठी लावलेली इस्त्री त्याहून गरम असते. कार्पेट कशाचं आहे याची खात्री नसेल तर इस्त्री लांबच ठेवा. लोकरीच्या कार्पेटवर ग्लिसरीन लावून रात्रभर ठेवणं मला जास्त पसंत आहे. काम हळू होतं, पण धाग्याला इजा होत नाही.

शेवटी साबण काढून टाकणं अत्यंत गरजेचं. साध्या पाण्यात पिळलेल्या कपड्याने पुन्हा पुन्हा टिपा. साबण मागे राहिला तर त्यावर धूळ चिकटत जाते आणि काही आठवड्यांनी तिथे काळपट वर्तुळ उमटतं. मग लोकांना वाटतं की रंगाचा डाग परत आला. घडी केलेला कोरडा टॉवेल वर ठेवून त्यावर वजन ठेवा, पंखा लावा आणि पूर्ण वाळल्यावरच निकाल बघा. ओलं असताना डाग नेहमीच गेल्यासारखा वाटतो.

सांडलेला रंग ऑइलपेंट असेल तर गोष्ट अवघड. तो हवेतल्या ऑक्सिजनशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतो आणि ही क्रिया वरून कोरडा दिसल्यावरही बराच काळ चालू राहते. म्हणून काही दिवसांचा डाग टर्पेंटाइन किंवा व्हाइट स्पिरिटला दाद देतो, वर्षभराचा नुसता फुगतो. कृती तीच: आधी कोरडं चुरडणं, मग कपड्यावर थोडं टर्पेंटाइन, टिपणं, सुरीने उचलणं, शेवटी साबणाच्या पाण्याने टर्पेंटाइनचा तेलकटपणा काढणं. खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास गॅस, मेणबत्ती, सिगारेट काहीही पेटतं नको. वापरलेले कपडे बोळा करून कचऱ्यात टाकू नका. ऑइलपेंटमधलं तेल लागलेल्या चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या बाहेर मोकळ्या जागेत पसरून वाळवा.

स्प्रे पेंट किंवा नेलपॉलिशसारख्या डागावर ॲसिटोन चालतं, पण धागा ॲसिटेट या कृत्रिम प्रकारचा असेल तर डागाबरोबर धागाही विरघळेल. चाचणीशिवाय नकोच.

ब्लीच तर कुठेच नको. त्याचा पापुद्र्यावर काही परिणाम होत नाही, कार्पेटचा रंग मात्र उडतो आणि लोकर तर त्यात विरघळतेच. त्यात अमोनिया, अल्कोहोल किंवा ॲसिटोन मिसळलं गेलं तर विषारी द्रव्यं तयार होतात. रंग उतरवायचे जे जहाल स्ट्रिपर मिळतात तेही लाकडासाठी आणि धातूसाठी ठीक, कार्पेटवर त्यांचं काम नाही.

एवढं करूनही लवेच्या टोकांना थोडा रंग राहिला तर बारीक, वाकड्या टोकाची कात्री घ्या आणि फक्त रंगलेली टोकं एकेक करून छाटा. कापलेल्या लवेच्या जाडसर कार्पेटवर एवढं छाटलेलं कळतही नाही. फासांच्या कार्पेटवर हे करू नका.

आणि अगदीच हट्टी डाग असेल तर तुकडा बदला. धारदार कटरने डागाभोवती मागच्या बाजूपर्यंत चौकोन कापा, कपाटाखालून तेवढाच दुसरा तुकडा काढा. दोन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेला झुकतेय ना, हे हात फिरवून तपासा. दिशा चुकली तर रंग तोच असूनही तुकडा वेगळा उठून दिसतो. खाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी कार्पेटची टेप लावा, कडांना मागून थोडा कार्पेटचा गोंद द्या, जोडावरची लव सुईच्या टोकाने मोकळी करा आणि दिवसभर त्यावर जाड पुस्तकांचं वजन ठेवा.